सत्याऐंशीला उकळणारं पाणी

पहिल्या खेपेला बावीस अंडी होती,
सांताक्रूझहून ओरूरोपर्यंत रात्रीच्या बसनं आलेली,
भुशाच्या खोक्यात, माझ्या मांडीवर.
घाट चढताना माझ्या कानांना दडे बसले.
अंड्यांना कान नसतात, सेव्हेरो म्हणाला.

थर्माकोलची पेटी, साठचा बल्ब,
भंगारातल्या कंप्युटरचा पंखा,
पाण्याला सार्डिनचा रिकामा डबा.
साडेसदतीस अंश. दिवसातून तीनदा वळवायची,
एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोळा,
पेन्सिलीनंच. शाई आत झिरपते म्हणे.

सातव्या रात्री दिवे मालवून
टॉर्चवर एकेक अंडं धरलं.
सहा कोरी. त्यांच्या वाट्याला कोंबडा आलाच नव्हता.
चारांत तांबडं कडं:
रक्त निघालं होतं कुठंतरी,
काठापर्यंत जाऊन थांबलं.
बाकीच्या बारांत शिरांचे पाय पसरून कोळी,
आणि मधोमध एक ठिपका, हलणारा.
सेव्हेरोनं श्वास रोखला.
फार वेळ रोखता येत नाही त्याला.
खोकल्यासरशी टॉर्च हलली.

एकविसावा दिवस. बाविसावा. तेविसावा.
आतून कुणी टोच मारली नाही.
चोविसाव्याला अंगणात बसून मी ती फोडली.
तीन अर्ध्यावर राहिलेली,
नऊ मात्र पूर्ण: पिसं, नखं,
चोचीवरचा तो इवलासा दात, न वापरलेला.
हवेची पोकळी अर्ध्या अंड्याएवढी झालेली
आणि पापुद्रा अंगाला चिकटलेला, सुकून चामडं.

सेव्हेरोनं वही काढली.
अठ्ठावीस वर्षं खाणीत पंप चालवलाय त्यानं.
पंप बंद पडला की रडत बसत नाहीत,
एकेक झडप तपासतात.
पहिला आरोपी थर्मामीटर.
उकळत्या पाण्यात बुडवला. सत्याऐंशी.
"तेरा अंश खोटं बोलतोय!"
तो दुकानदाराच्या आईपर्यंत पोचला,
तेवढ्यात बटाटे सोलता सोलता यानेत म्हणाली,
"आजोबा, इथं पाणी सत्याऐंशीलाच उकळतं.
हवेचं ओझं कमी ना इतक्या उंचीवर."
मग बर्फात बुडवला. बरोब्बर शून्य.

पन्नास वर्षं याच पाण्यावर रांधतेय मी,
ते लवकर हार मानतं हे कुणी बोललं नव्हतं.
सेव्हेरोनं थर्मामीटरची माफी मागितली.
दुकानदाराची नाही.

दुसरी खेप, चौदा, पुन्हा बसनं.
डब्याऐवजी परात, वर ओलं फडकं.
हवेसाठी भोकं वाढवली तर ओल पळाली,
ओल राखायला भोकं बुजवली तर हवा संपली.
रात्र रात्र तो बुचं लावायचा, काढायचा,
मी कूस बदलण्याआधी अंडी कूस बदलायची.
एक निघालं.
दुपारपर्यंत जगलं.

तिसऱ्या खेपेला बस नाही.
पलीकडच्या गल्लीतल्या दोन्या बासिलियाच्या कोंबड्या,
मळकट, भांडखोर, जातकुळी विचारू नये अशा,
पण आज्या-पणज्या इथल्याच मातीत खरडून गेलेल्या.
अकरा अंडी देत बासिलिया म्हणाली,
"खालच्या कोंबडीला काय ठाऊक,
इथं पिल्लाला किती श्वास शिदोरीला बांधायचा."

तीच पेटी. तोच बल्ब. तीच परात.
विसाव्या रात्री टक्.
मला वाटलं भिंतीतली पाल,
पण इतक्या थंडीत पाल कुठली?

सात निघाली.
वहीत त्यानं लिहिलं: दोष पेटीत नव्हता.
अंड्यांतही नव्हता.
पुढे काहीतरी लिहून खोडलंय.

त्याच पानाशी खूण म्हणून घातलीय
डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी, मार्चमधली:
फुप्फुसांत धूळ फार. खाली राहायला जा,
कोचाबांबाला, निदान हिवाळ्यापुरतं.

उरलेली चार अजून पेटीत आहेत.
बाविसावा दिवस. आजची रात्र बघू, म्हणतो तो,
पेटीला कान लावून,
खोकला उशीत दाबत,
आतल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.