वाळवीचा ठराव

मोगलसाहेब,
पहिल्याच सभेत तुम्ही दाखलनोंदवही चाळलीत
अंगठा जिभेला लावून,
जशा एकोणतीस वर्षं नोटा मोजल्यात
नाशिकरोडच्या छापखान्यात.
‘बाई, एकशे बारा पुस्तकं कमी.’
माझ्या चहावर साय धरली.

मग मी तुम्हाला आकडेच देत राहिले.
आकड्याआड पुष्कळ मावतं:
संदर्भ विभागाच्या भिंतीची ओल,
खालच्या फळीवरची माती,
जी मी तीन महिने फडक्यानं पुसत होते
आणि अहवालात लिहीत होते, ‘स्थिती समाधानकारक’.

सभेच्या आदल्या रात्री फोन केला.
‘वाळवी आहे. मला माहीत होतं.’
पलीकडे टीव्हीवरच्या बातम्या,
मग त्याही बंद.
‘कुलूप किती वाजता काढता?’

सातला तुम्ही पायरीवर,
मखमलाबादहून स्कूटरवर, पिशवीत कडुलिंबाचा पाला.
फरशीवर मांडी घालून
एकेक पान उलटत गेलात
त्याच अंगठ्यानं, पण हळू.
नऊला काठेआजोबा पेपर वाचायला आले.
‘नवा शिपाई वाटतं?’
‘हो,’ तुम्ही म्हणालात, ‘बाईंनी कालच ठेवलाय.’

ठरावात यातलं काही नाही.
त्यात फवारणीचे साडेआठ हजार,
आणि खाली, तुमच्या तिरक्या अक्षरात:
पुस्तकं बाई निवडतील, पैसे आपण शोधायचे.

कपाटामागे तीन सापडली.
उरलेल्या एकशे नऊवरून आपलं भांडण
दर महिन्याला होतं.
चहा हल्ली विषयपत्रिकेच्या आधी येतो.