पर्याय क्रमांक एक

रात्री बारापर्यंत फॉर्म लॉक करायचाय
आणि कर्सर लुकलुकतोय,
झिजलेला कार्बन ब्रश ठिणगी टाकतो तसा.

मेकॅनिकल. इलेक्ट्रिकल. केमिकल.
आणि यंदाच निघालेली लांबलचक नावाची एक शाखा,
जिच्यात ‘नवीकरणीय’ हा शब्द आहे.
आफरीन म्हणते, डोळे झाकून तीच घाल,
नावातच सगळं आलं.

नावात काय येतंय?
आदगोंडामामा साखर कारखान्याच्या बॉयलरवर.
उसाचा चोथा जाळून वीज करतात तिथं,
कागदोपत्री तीही हिरवीच.
गळिताच्या दिवसांत तिची काजळी
बावड्यात आमच्या गच्चीवर उतरते,
आईच्या सांडग्यांवर, वाळत्या चादरींवर
आणि बाबांनी हप्त्यानं घेतलेल्या चार सोलर पॅनेलवर.

हिरव्या विजेवर हिरव्या विजेची काजळी.
बारावीचा अख्खा हिवाळा ती मी पुसली,
सकाळी सातला, ओल्या फडक्यानं,
आणि मीटरचे आकडे फिजिक्सच्या वहीमागं मांडले:
पुसण्याआधी, पुसल्यावर.
धूर केमिकलचा म्हणावा, चिमणी मेकॅनिकलची.
फडकं कुठल्या शाखेत बसतं?

बाबांना विचारलं.
उद्यमनगरात तीस वर्षं मोटारी रिवाइंड करतात,
जळक्या वार्निशचा वास त्यांच्या आधी घरात येतो.
म्हणाले, “मला काय कळतंय त्यातलं?
गिऱ्हाईक येतंय, म्हणतंय, मोटार जळली.
मोटार अशी जळत न्हाई, पोरी.
आधी बेअरिंग जाम होतंय, मग तार तापती.
पैसं मी तारंचं घेतो,
पण बघतो आधी बेअरिंग.”
आणि भाकरी कुस्करायला लागले.

अकरा एकोणपन्नास.
पहिल्या रकान्यात इलेक्ट्रिकल टाकलं,
दुसऱ्यात मेकॅनिकल.
ते लांब नाव तिसऱ्यावर ढकललं; खोडवेना.
लॉकवर बोट नेलं
आणि लाइट गेली.

सगळी गल्ली काळी.
मोबाइल नऊ टक्क्यांवर. ओटीपी येईना.
आला. सहा आकडे. आठ टक्के. झालं लॉक.

समोरच्या अंधारातून सुशीलाकाकूंचा आवाज:
“अगं, तुमच्यात सोलर हाय न्हवं?
मग तुमची कशी गेली?”

काकू, सांगते.
चार वर्षं द्या.