पेटीतून गळणारं

वेंगुर्ल्याच्या बंदरावर पाचला लिलाव होतो,
साडेपाचला मी निघते.
स्कूटरच्या मागे दोन पेट्या, बर्फ, वर ओलं गोणपाट,
तराजू पायाशी,
आणि हॉर्न असा, की होडावड्याची सत्यभामा,
दोन्ही कानांनी गेलेली,
तीसुद्धा ताट घेऊन दारात येते.

तुळस सोडलं की चढ, मग उतार.
दोन्ही बाजूंना काजू. शिमगा नुकताच झालेला,
बोंडवांचा आंबूस वास डांबरावर सांडलेला.
खालच्या वळणावर
मैलाचा दगड आहे, आकडा पुसून गेलेला,
तिथे तो उभा होता.

आधी वाटलं, ट्रक बंद पडलाय.
मग ट्रकनं कान हलवला.

गवा.
गुडघ्यापर्यंत पाय पांढरे,
चुन्याच्या पिंपातून चालत आल्यासारखे,
वरचं सगळं अजून रात्रच होतं.

मी स्कूटर बंद केली. नवऱ्याचं शिकवणं:
दर्यात मोठं काही दिसलं की इंजिन बंद,
आणि तोंडही.
त्याच्या होडीखालून एकदा देवमासा गेला होता.
तो सांगतो, मुलं हसतात,
मी भाकरी थापत असते.

किती वेळ गेला ते बर्फाला विचारा.
मागे टपटप चाललेली.
बांगड्यांचं, मिठाचं, बंदराचं पाणी
चाकाखालून निघालं, उतारानं
सरळ त्याच्याकडे.
म्हटलं, आता वासानं बिथरेल.
या वासानं माणसं बिथरतात;
एसटीत माझ्या शेजारची जागा
सावंतवाडीपर्यंत रिकामी असते.

त्यानं मान खाली घातली.
जीभ काढली, माझ्या वितेहून लांब, निळसर,
आणि रस्ता चाटू लागला.

खवणीवर नारळ धरल्यासारखा
खर्र खर्र आवाज.
डोळे अर्धे मिटलेले.

दर्या इथून किती, दोन डोंगर आणि एक खाडी.
यानं पाहिला नसेल, याच्या आईनंही नाही.
आणि आज दर्याच आलाय त्याच्याकडे
बोटाएवढ्या रुंद रेघेनं,
रेघेचं दुसरं टोक माझ्या पेटीत.

मागून इनास पाववाला आला, टोपलीसकट.
"काय गे सुल..." म्हणाला, उरलेलं नाव गिळलं.
"गवो?"
"व्हय."
"मारतलो?"
"जीभ बघ त्याची."
आम्ही दोघं तिथे,
चार वाड्यांची न्याहारी अडवून.
मग त्याचा हात खिशात गेला, मोबाईलसाठी.
मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. नुसता ठेवला.
त्यानं मोबाईल काढला नाही,
पुढे दोन दिवस त्याचे पाव मात्र
बांगड्यांचे लागत होते म्हणे.

गवा गेला तो काजूत शिरून.
एवढं धूड,
आणि एक वाळलं पान वाजलं नाही.

"बांगडो आज मऊ कसो गे?" सत्यभामा म्हणाली.
मी दोन जास्त घातले. कारण सांगितलं नाही,
सांगून तिला ऐकू थोडंच येणार होतं.

रात्री नवरा जाळं विणत होता.
मी म्हटलं, "तुझा तो देवमासा, केवढा होता?"
त्यानं सुई खाली ठेवली.
दोन्ही हात पसरले. पुरले नाहीत.
उठून दारापर्यंत गेला, तिथून माझ्याकडे पाहिलं,
मग अंगणात उतरला.
अंधारातून त्याचा आवाज आला,
"हयसर शेपटी."

शनिवारी वनरक्षक नार्वेकर भेटला.
म्हणाला, जनावराला रस्त्याची सवय लागली की संपलं,
गेल्या वर्षी एक मादी डंपरखाली गेली,
पोटात पाडस होतं.
मी पेटीच्या भोकात चिंधी कोंबली,
वरून मेण लावलं.

आता गळत नाही.
पण त्या वळणावर डांबराचा एक पट्टा
बाकीच्यापेक्षा स्वच्छ आहे,
घासून ठेवलेल्या पाटीसारखा.
रोज उतारावर मी हात ब्रेकवर घेते
आणि त्याला चाक न लावता
कडेच्या मातीतून जाते.