हसू

विर्वेची आई सांगायची,
कोठारात नाचताना कुणी हसत नसे.
पाऊल सपाट, तोंड मिटलेलं,
नाच म्हणजे कामच एक, नीट करायचं.

मग स्टेडियम आलं.
आठ हजार घागरे, एक शिट्टी.
वरून म्हणे तारा दिसायचा;
आत फक्त शेजारणीचा घामट हात.
"हसा," भोंगा म्हणाला.
विर्वे हसली.
घागऱ्यावरचे पट्टे मात्र तिच्याच गावचे होते,
त्यांना भोंगा काही सांगू शकला नाही.

आता विल्यांदीच्या शाळेत
विर्वेच शिकवते.
मोबाइल बाकाला टेकवून ठेवलेला, चालू.
"हसायचं का?" केर्तू विचारते.

अकॉर्डियनवाला भाता ताणून थांबलाय.
विर्वे गुडघा चोळते, चोळतच राहते.
"आधी पाऊल सपाट टाक," म्हणते,
"तोंडाचं मग बघू."