दुसऱ्याच्या अक्षरातली ओळ

माजी विद्यार्थी संघाची चिटणीस झाले तेव्हा
मला मिळालं ते हे:
कपाटाची किल्ली, जी जरा वर उचलून फिरवावी लागते,
वाळलेलं स्टॅम्प पॅड,
आणि चिवड्याच्या डब्यात परत आलेली बासष्ट पाकिटं.
कुणावर ‘पत्ता सोडून गेले’,
कुणावर ‘घेणार मयत’.
पोस्टमनचं अक्षर आमच्यातल्या प्राध्यापकांपेक्षा बरं.

खजिनदार पगार सर.
नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात छत्तीस वर्षं.
आडनाव पगार आणि काम बिनपगारी
हा विनोद ते स्वतःच आधी करून टाकतात,
म्हणजे आपल्याला करावा लागत नाही.
चहाचे एकशे चाळीस रुपयेसुद्धा दोनदा मोजतात.
“सवय,” म्हणतात,
“तिथं एक कागद कमी भरला
तर अख्खी पाळी घरी सोडत नसत.”

दुसऱ्या शनिवारी सभा.
गंगापूर रोडवर राहणारे उशिरा येतात,
ओझरचे वेळेच्या आधी,
अध्यक्ष पुण्याहून पडद्यावर: अर्धं कपाळ आणि मागचा पंखा.
निमसे वाचनालयाला पाच लाख देतायत,
अट एकच,
ग्रॅनाइटवर आईचं नाव, खाली त्यांचं, जरा मोठं.
अक्षरांच्या उंचीवर दीड तास गेला.
मी लिहिलं, ‘सविस्तर चर्चा झाली.’

आणि धर्मादाय कार्यालयाच्या पायऱ्या.
बदल अर्ज वेळेत दिला नाही
तर कागदावर अजून
वारलेली माणसंच संघ चालवतात.

ऑगस्टच्या सभेत विषय क्रमांक चार.
शिष्यवृत्ती एक, अर्ज एकोणीस.
अकरावा माझ्या बहिणीच्या मुलाचा.
मी म्हटलं, हा माझा भाचा आहे, मी बाहेर थांबते.
“अहो बसा हो मॅडम, सगळी आपलीच माणसं,”
असं दोघं-तिघं म्हणाले, आणि खरंच मनापासून.
पगार सरांनी फक्त हात पुढे केला,
पेनासाठी.

व्हरांड्यात उभी राहिले.
लांब पांडवलेण्यांचा डोंगर, अलीकडे वसतिगृहाची पाण्याची टाकी,
टाकीवर कुणाची तरी वाळत घातलेली जीन्स.
त्र्याऐंशी साली याच भिंतीवर
फीमाफीची यादी लागली होती.
मी ती खालून वरही वाचून पाहिली.
आतल्या लोकांचा केवढा राग आला होता तेव्हा,
आणि आत कोण बसलं होतं
हे आजतागायत मला माहीत नाही.
आत कुणीतरी हसलं.
माझ्यावर नसावं.

शिष्यवृत्ती मिळाली सुरगाण्याच्या दीपाली भोयेला.
रात्री बहिणीचा फोन.
आधी पावसाचं, मग गुडघ्याचं, मग:
“मग तू तिथं असून उपयोग काय गं?”
हेच तर काम आहे, असं काहीतरी
ओठापर्यंत आलं होतं.
म्हटलं, “दूध उतू जातंय, ठेवते.”
गॅसवर काही नव्हतं.
भाचा राखीला आला, नीट वागला, पाया पडला.
त्यानं काही बोलायला हवं होतं असं मला उगाच वाटत राहिलं.

पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचायचं.
माझ्याच अक्षरात पानामागून पान,
आणि मध्येच एक ओळ
पगार सरांची, नोटेवरच्या आकड्यांसारखी ताठ:
‘विषय क्र. ४ च्या वेळी श्रीमती शैलजा खैरनार
सभागृहाबाहेर होत्या.’
इतकंच. का, ते नाही.
कुठं बघत होत्या, तेही नाही.
वाचताना मी तिथं जरा अडखळले,
चष्म्यावर ढकललं.

सूचक निमसे, अनुमोदक ओझरचे.
इतिवृत्त कायम झालं.
चहा आला.
पगार सरांनी कप मोजले,
मग पुन्हा मोजले.