मोजणी

एफी मॅकॅस्किल, निवृत्त पोस्टवाली,
ॲबर्डीनशायरच्या माळावर दगड मोजते.
आठ उभे, एक आडवा.
मर्डो म्हणायचा, दहा.
तीस वर्षं हाच वाद, थर्मासमधल्या चहासकट.

अळंबीचं रिंगण यंदा
आणखी वीतभर बाहेर सरकलंय.
दगडांचं आहे तिथंच,
कुणीतरी ‘थांबा, आलोच’ म्हणून गेल्यासारखं.

नोव्हेंबर. गुडघे कुरकुरतात.
तरी ती वाकते, एक चपटी चीप उचलते:
खाली इअरविग, शेपटीला चिमटा,
अंड्यांवर पसरलेली.
भिंगाखाली मिशा थरथरतात,
पण जागची हलत नाही.

एफी चीप परत ठेवते,
मर्डो रात्रपाळीहून येऊन
दार लोटायचा तशी.

वहीत लिहिते:
अंडी, अंदाजे चाळीस.
दगडफूल, पिवळं, वाढतंय.
दगड
(पेन्सिल जरा थांबते)
दहा.