चार फूट सात इंच

त्र्याऐंशी साली नायनानं दहा हजार भरले
सरकारी गाडीसाठी.
अम्माच्या पाटल्या, विडी सोसायटीचं कर्ज,
आणि मामानं न विचारता दिलेले बाराशे.
पावती आली. तिच्यावर नंबर होता,
गाडी नव्हती.

सोबतच्या कागदावर गाडीची रुंदी छापली होती.
नायनानं कारखान्यातून वीस नंबरी सूत आणलं,
चार फूट सात इंचांवर गाठ मारली
आणि बोळ मोजायला निघाला,
चिलवेरींच्या पायरीपासून आमच्या भिंतीपर्यंत,
एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी.
गाडी जात होती.
दार उघडत नव्हतं.

‘मग काचेतून उतरू,’ म्हणाला.
अम्मा विडीचं तोंड मिटता मिटता हसली,
सुपातली तंबाखू उडाली.

नंबर लागेपर्यंत सत्त्याऐंशी उजाडलं.
होटगी रोडचा एक डॉक्टर घरी आला,
चप्पल बाहेर काढून पलंगाच्या कडेवर बसला,
पावतीवर वीस हजार जास्त देतो म्हणाला.
त्या रात्री नायना जेवला नाही.
महिन्याभरात घरात दोन माग आले,
जुने, इचलकरंजीचे, एक जरा लंगडा.
त्यांच्यावर आम्ही तिघं शिकलो.
टॉवेलांवर मोर निघाले,
कुठल्या कुठल्या गावच्या लोकांनी
त्या मोरांनी तोंडं पुसली.

सूत ट्रंकेतच राहिलं. गाठीसकट.

परवा माग भंगारात गेले, किलोच्या भावानं.
त्याच आठवड्यात मी घेतली
चार हात फिरून आलेली पांढरी आठशे.
मागच्या सीटवर कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा डाग,
दुसरा गिअर रुसलेला.
नायनाला अशोक चौकात बसवलं,
सिद्धेश्वर तळ्याला एक चक्कर मारली,
तो बोलला नाही, नुसता पुढचा डबा
उघडत-मिटत राहिला.
मग आरसे मिटून, श्वास धरून
गाडी बोळात घातली.

इंजिन बंद केलं.
त्यानं दार ढकललं.
चार बोटं उघडलं आणि चिलवेरींच्या पायरीला टेकलं.
‘बघ,’ म्हणाला,
चाळीस वर्षांचा हिशेब जुळल्यासारखा.
मग काचेचा दांडा फिरवायला लागला,
रहाटावर कांडी भरतात तसा, सावकाश.
उतरायची घाई काही दिसेना.
चिलवेरींच्या सुनेनं खिडकीतून चहा दिला.
बशीसुद्धा.